फादर थॉमस स्टीफन्स : मराठी भाविकांच्या हाती श्रद्धेचा ग्रंथ देणारे धर्मगुरू



पेणकरपाडा परिसरातील काही धर्मबांधवांनी मिस्सा आटोपल्यावर आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही रविवारची मिस्सा चुकवीत नाही, घरी रोझरी म्हणतो, बायबलही अधूनमधून उघडतो; परंतु आपल्या श्रद्धेची तत्त्वे आरंभापासून क्रमाने, एकास एक जोडून समजून घ्यावयाची असतील तर कोणती पुस्तके घ्यावीत? दुकानात जावे तर सारी पुस्तके इंग्रजीत. मुले इंग्रजी शाळेत शिकलेली असल्याने ती चाळू शकतात, पण घरातील वडीलधाऱ्यांना ती परकी वाटतात. मुलांना शब्द कळतात, अर्थ उमगत नाही. वडीलधाऱ्यांना अर्थाची ओढ आहे, पण शब्द त्यांच्या ओळखीचे नाहीत. अशा स्थितीत एकाच घरातील दोन पिढ्या एकत्र बसून काय वाचणार?

ज्याला सेमिनरीत सुसूत्र ईशज्ञान म्हणतात, त्याच्या अभ्यासासाठी ग्रंथ कसे निवडावेत, असा हा प्रश्न आहे. पुस्तकांची एक यादी लिहून देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु आम्हांस असे वाटले की, चारशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्याच भाषेत ज्यांच्यापुढे आला आणि ज्यांनी त्याचे उत्तर देण्यासाठी आयुष्य खर्ची घातले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र प्रथम सांगावे. यादी त्यातूनच आपोआप पुढे येईल.

दोन साष्टी, एक नाव

आपले मीरा-भाईंदर ज्या बेटाच्या उत्तर टोकास वसले आहे, त्याचे जुने नाव साष्टी. फादर स्टीफन्स यांनी जेथे सुमारे चाळीस वर्षे सेवा केली तो गोव्यातील तालुका म्हणजे सासष्टी. दोन्ही नावांचे मूळ सहासष्ट गावे या अर्थाच्या एकाच शब्दात सांगितले जाते. आपल्या साष्टीत आणि वसईत त्या काळी पोर्तुगीज सत्ताच होती, तिकडेही तीच होती. म्हणून ही कथा दूरच्या कुणाची आहे असे मानण्याचे कारण नाही.

इंग्लंड ते रोम

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध विद्यालयात झाले. त्या काळी राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत कॅथॉलिक श्रद्धा उघडपणे पाळणे इंग्लंडमध्ये धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रद्धावंत सरदारपुत्राचा सेवक म्हणून वेश घेऊन तरुण स्टीफन्स त्यांच्यासोबत हिंडत असत. दोघांचाही येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचू शकले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश घेतला.

ट्रेंटची धर्मपरिषद सन १५६३मध्ये संपली होती. परिषदेच्या इच्छेनुसार तयार झालेले रोमन धर्मशिक्षण १५६६ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात प्रेषितांचा विश्वासांगीकार, सात संस्कार, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना अशा चार भागांत सगळी शिकवण मांडली होती. संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा थिओलॉजिए' हा महाग्रंथ शाळाशाळांतून आधारग्रंथ म्हणून रूढ होत होता. येशूसंघाच्या रोमन कॉलेजात संत रॉबर्ट बेलार्मिन यांनी १५७६ साली वादविषयांवरील आपली प्रसिद्ध व्याख्याने सुरू केली. ग्रंथांच्या बाबतीत त्या काळी युरोपात कुणाला कमतरता भासण्याचे कारण नव्हते. अशा ज्ञानसमृद्ध नगरीत अभ्यास केलेला हा तरुण पुढे अशा देशात आला, जेथे लोकांच्या भाषेत ख्रिस्ती ईशज्ञानाचा विस्तृत असा एकही ग्रंथ नव्हता.

गोव्यातील आगमन

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या ताफ्यातून ते प्रवासास निघाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहून वारे, समुद्र, पक्षी, मासे आणि खलाशांच्या रोगांचे वर्णन कळविले. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तेथील व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानकडे वेधण्यास कारणीभूत ठरले, असे इतिहासकार सांगतात. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. १५८० साली त्यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळाली आणि सासष्टीतील सेवेस आरंभ झाला. मडगाव येथील येशूसंघाच्या कॉलेजचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले.

१५८३ साली रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांना हेर समजून पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ते स्टीफन्स यांच्या पंथाचे नव्हते. ज्या राजवटीमुळे त्यांना मायदेश सोडावा लागला, तिचेच ते प्रजाजन होते. तरीही त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. त्यांच्या स्वभावाची ओळख होण्यास ही एक गोष्ट पुरेशी आहे.

जखमी भूमी

सासष्टीची भूमी त्या वेळी शांत नव्हती. १५६७ साली तेथील मंदिरे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. हिंदू ग्रंथ जवळ बाळगण्यावर व वाचण्यावर बंधने आली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी, त्यांच्यासोबतच्या काही भाविकांसह, मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्यात फादर स्टीफन्स यांचा पुढाकार होता, असे सांगितले जाते. या पाच धर्मगुरू-बंधूंना पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली धन्यवादित घोषित केले. त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे की, पुढे वाटाघाटीसाठी म्हणून बोलाविलेल्या कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना पोर्तुगीजांनी विश्वासघाताने ठार केले. आपल्या इतिहासातील ही दोन्ही दुःखे सत्य आहेत. एक सांगून दुसरे झाकणे ख्रिस्ती माणसास शोभणारे नाही.

त्या काळच्या गोव्यात परक्या धर्मगुरूला लोकभाषेचा कंटाळा येणे सोपे होते. फादर स्टीफन्स यांनी उलट मार्ग धरला. लोकांची बोली त्यांनी आत्मसात केली आणि त्यापलीकडे जाऊन ज्या मराठीत या लोकांची पुराणे व कथा होत्या, ती ग्रंथभाषाही ते शिकले. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी युरोपातील आपले भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतसंबंधी हाच विचार १७८६ साली कलकत्त्यात मांडला. म्हणजे आपल्या या धर्मगुरूंना हे साम्य दोनशे वर्षे आधी दिसले होते. जी भाषा ते शिकले, तिला त्यांनी कधी कमी लेखले नाही. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आजही शाळा-महाविद्यालयांत अभ्यासल्या जातात.

एका गृहस्थाची मागणी

'ख्रिस्तपुराण' कसे जन्मास आले, याची हकीकत त्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागातच आली आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी एक गृहस्थ पुढे येतो आणि पाद्री गुरूंना विनंती करतो. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण चांगले आहे, परंतु तेवढ्याने मन भरत नाही. आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मना केले. मग त्यांच्या जागी आम्ही वेळ कशात घालवावा, काय वाचावे, काय गावे? आमच्या भाषेत असे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

वाचकहो, या मागणीत नम्रता आहे, तशीच एक रास्त तक्रारही आहे. माणसाच्या हातून पुस्तक काढून घेतले आणि दुसरे दिले नाही, तर त्याचे हात रिकामे राहतात. फादर स्टीफन्स यांनी ही तक्रार दडपली नाही. ती त्यांनी आपल्या ग्रंथाच्या दारातच लिहून ठेवली आणि पुढच्या हजारो ओव्यांनी तिचे उत्तर दिले.

ग्रंथ आणि त्याची रचना

'ख्रिस्तपुराण' हे ओवीछंदात आहे. संत ज्ञानेश्वर आणि संत एकनाथ यांच्या ग्रंथांमुळे मराठी माणसाच्या कानी बसलेला हा छंद त्यांनी मुद्दाम निवडला. एकनाथ महाराज १५९९ साली निवर्तले, म्हणजे ते स्टीफन्स यांचे समकालीनच. या ग्रंथाची पहिले पुराण व दुसरे पुराण अशी दोन पुराणे असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ प्रकरणे आहेत. ओव्यांची एकूण संख्या सुमारे ११ हजार भरते. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम व एवा, नोहा, अब्राहाम, मोशे आणि संदेष्टे यांची कथा येते. दुसऱ्यात पवित्र मरिया, प्रभूचे देहधारण, त्याची शिकवण, चमत्कार, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान यांचे वर्णन आहे.

वरवर पाहता ही केवळ बायबलमधील कथा आहे. परंतु मध्ये मध्ये श्रोते शंका विचारतात आणि गुरू समाधान करतात. पवित्र त्रैक्य म्हणजे काय, देव चांगला असता जगात पाप कसे आले, तारणाऱ्याची गरज काय, देवाने मानव का व्हावे, हे सारे प्रश्न कथेच्या ओघात योग्य ठिकाणी येतात. रोममध्ये जे ईशज्ञान विषयवार शिकविले जाई, ते त्यांनी येथे तारणाच्या इतिहासाच्या क्रमाने लावले. शब्दांची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. स्वर्गासाठी वैकुंठ हा लोकांच्या तोंडचा शब्द त्यांनी घेतला. जेथे अर्थाचा घोटाळा होण्याची भीती वाटली, तेथे पवित्र आत्मा, क्रूस, बाप्तिस्मा यांसाठी ख्रिस्तसभेचे युरोपीय शब्द तसेच ठेवले. कोणता शब्द आपला करावा आणि कोणता राखून ठेवावा, हा विवेक त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.

अक्षरांची अपूर्ण इच्छा

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. हा ग्रंथ लोकांच्या स्वतःच्या अक्षरांत छापला जावा, अशी फादर स्टीफन्स यांची तीव्र इच्छा होती. १६०८ साली त्यांनी येशूसंघाचे महाप्रमुख फादर क्लॉडिओ अक्वाविवा यांना त्यासंबंधी पत्र लिहिले. कुंकळ्ळीत प्राण गमावलेले फादर रुडॉल्फ हे याच महाप्रमुखांचे पुतणे. अडचण अशी की, रोमन लिपीस दोन डझन साचे पुरतात, तर आपल्या लिपीतील बाराखड्या व जोडाक्षरे यांसाठी शेकडो साचे पाडावे लागणार होते. ते झाले नाही. शेवटी १६१६ साली राशोल येथे धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीने ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला. देवनागरीत मराठी पुस्तक छापले जाण्यास १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही दूर बंगालमधील श्रीरामपुरात, विल्यम केरी यांच्या हातून.

सन १६१९मध्ये सासष्टीतच फादर स्टीफन्स यांचे निधन झाले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली त्यांचे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण आणि १६४० साली फादर दियोगु रिबैरु यांनी भर घातलेले त्यांचे कोकणी व्याकरण, अशी दोन पुस्तके राशोल येथे छापली गेली.

पुराणाचा पुढील प्रवास

'ख्रिस्तपुराण' १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेस उतरती कळा लागली. छापील जुन्या आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मेला नाही, कारण लोकांनी तो हाताने उतरून घेतला होता. मंगळूरकडे स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या आणि टिपू सुलतानाच्या बंदिवासाच्या कठीण काळातही (१७८४ ते १७९९) या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे सांगतात. आपल्या वसई-ठाणे-साष्टी भागातही फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायश यांचे १६५९ सालचे प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण उपवासकाळात घरोघरी गायिले जाई. म्हणजे ईशज्ञान गाऊन शिकण्याची रीत आपल्याच आजी-आजोबांची आहे.

१९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे हस्तलिखितांवरून 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत पुन्हा प्रसिद्ध केले. १९२०च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत निघाली. आणि २००९ साली सालेशियन धर्मगुरू नेल्सन फाल्काव यांनी मूळ ओव्यांसोबत आजच्या मराठीतील गद्य अनुवाद उपलब्ध करून दिला. फादर स्टीफन्स यांनी अपेक्षिलेली आपली अक्षरे त्यांच्या ग्रंथास मिळण्यास साडेतीन शतके लागली.

मग आपण काय निवडावे?

आता धर्मबांधवांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. फादर स्टीफन्स यांच्या तीन पुस्तकांकडे पाहिले तर अभ्यासाच्या तीन पायऱ्या दिसतात. व्याकरण म्हणजे शब्दांची ओळख. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण म्हणजे विश्वासाची थोडक्यात व नेमकी मांडणी. आणि पुराण म्हणजे देवाने मानवासाठी काय केले याची समग्र कथा. यांपैकी एक पायरी गाळली की अभ्यास डळमळतो. कथा ठाऊक नसता तत्त्वे पाठ केली तर ती कोरडी राहतात. तत्त्वे ठाऊक नसता केवळ कथा वाचल्या तर अर्थ ज्याचा त्याने लावावा अशी गत होते.

म्हणून आमची सूचना अशी. प्रथम पवित्र शास्त्र, आणि तेही ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो त्या भाषेत. मराठी वाचकांस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सोप्या भाषेमुळे व टिपांमुळे उपयुक्त ठरेल. त्यासोबत 'कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण' हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ घ्यावा. फादर स्टीफन्स यांच्या तरुणपणीच्या रोमन धर्मशिक्षणाप्रमाणेच याचेही चार भाग आहेत : आपण काय मानतो, काय साजरे करतो, कसे जगतो आणि कशी प्रार्थना करतो. तो मोठा वाटल्यास २००५ साली निघालेला त्याचा प्रश्नोत्तररूप संक्षेप हाती घ्यावा. तरुणांसाठी २०११ सालचे 'यूकॅट' आहे. एवढे झाल्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सोळा दस्तऐवजांपैकी निदान दोन, म्हणजे देवाच्या प्रकटीकरणावरील व ख्रिस्तसभेवरील, सावकाश वाचावेत. संत थॉमस अक्वायनस यांची 'सुम्मा' त्यानंतर, आणि जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली. त्यांनी ती नवशिक्यांसाठी लिहिली खरी, परंतु त्या काळचे नवशिके तत्त्वज्ञान शिकून आलेले असत.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. लेखक कोण व तो कोणत्या परंपरेतून लिहितो. ग्रंथास ख्रिस्तसभेची अनुमती आहे का. आणि तो मोठ्याने वाचला तर घरातील सर्वांस समजतो का. आकर्षक वेष्टन पाहून किंवा कुणी फुकट हाती ठेवले म्हणून घेतलेले पुस्तक पुष्कळदा गोंधळात टाकते. इतर पंथीयांची चांगली पुस्तकेही जरूर वाचावीत, परंतु आपले घर नीट पाहून झाल्यावर शेजाऱ्याच्या घरी जाण्यात अधिक अर्थ असतो.

आणखी एक गोष्ट. 'ख्रिस्तपुराणा'तील श्रोता एकटा वाचत बसत नाही. तो प्रश्न विचारतो. पेणकरपाड्यात किंवा कोठेही, चार कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून दहा पाने वाचली, नातवाने वाचावे आणि आजीने विचारावे असे केले, तर वर्षभरात पुष्कळ मजल मारता येईल. अडलेल्या जागी आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना विचारण्यास संकोच करू नये. तसे विचारल्याने आम्हां धर्मगुरूंनाही अभ्यास करावा लागतो, हा त्यातील दुसरा लाभ.

सासष्टीतील त्या गृहस्थाने मागितले नसते, तर मराठीस 'ख्रिस्तपुराण' मिळाले असते की नाही, कोण जाणे. आपल्या धर्मबांधवांनी आज पुन्हा मागितले आहे, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ती मागणी रिकाम्या हाती परत जाऊ नये, यासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासारखी चिकाटी व भाषेवरील प्रेम प्रभूने आम्हां सर्वांस द्यावे, हीच प्रार्थना.